जुन्या मोटारींना करमाफी असावी काय?



आजचा विषय ऐकून कित्येकांच्या मनात आले असेल की, ज्यांच्या दारी हौसेखातर जुन्या मोटारी उभ्या आहेत, त्यांच्या कराची काळजी आपण कशाला वाहावी? शंका रास्त आहे. परंतु एकाला कर माफ झाला की सरकारी तिजोरीतील ती तूट दुसऱ्या कोणाला तरी भरून काढावी लागते. शिवाय समाज जतन करण्याजोगे काय मानतो, हेही करमाफीवरून कळते. म्हणून हा प्रश्न मूठभर हौशी लोकांचा नाही. तो तुमचा आमचा आहे.

या प्रश्नाचा बोधप्रद इतिहास ब्रिटनमध्ये सापडतो. म्हणून आधी तिकडे जाऊ. १९०९ च्या अंदाजपत्रकात लॉइड जॉर्ज यांनी पेट्रोलवर जकात आणि मोटारींवर अश्वशक्तीनुसार कर बसविला. पैसा रस्त्यांसाठी वापरायचा, असा त्यामागचा वायदा होता. १९२१ पासून दर अश्वशक्तीला एक पौंड असा हिशेब झाला. मौज अशी की, ही अश्वशक्ती इंजिनाच्या खऱ्या बळावरून मोजीत नसत. सिलिंडर किती आणि त्यांचा व्यास केवढा, एवढेच पाहत. दट्ट्याची धाव किती लांब, याची त्या सूत्रात दखलच नव्हती. मग कारखानदारांनी काय केले? अरुंद व्यासाची, लांब धावेची इंजिने बनविली. फोर्डच्या रुंद सिलिंडरांच्या ‘मॉडेल टी’ला बावीस पौंडांहून अधिक कर पडे, तर ‘ऑस्टिन सेव्हन’ आणि ‘मॉरिस एट’ या गाड्यांनी करापुरती मोजलेली अश्वशक्तीच नावात मिरविली! १९४८ पासून नव्या मोटारींना सरसकट दहा पौंड कर झाला आणि हे सूत्र मागे पडले. परंतु त्या काळची एखादी मोटार उघडून पाहावी. एका करकायद्याचा ठसा तिच्या इंजिनावर उमटलेला दिसतो. जुनी मोटार ही अशी लोखंडाची बखर आहे. तिला जपावे असे जे म्हणतात, त्यांचे म्हणणे केवळ हौसेचे नाही.

आता करमाफीकडे येऊ. नोव्हेंबर १९९५ च्या अंदाजपत्रकात केनेथ क्लार्क यांनी पंचवीस वर्षांहून जुन्या मोटारींना कर माफ केला. हे वर्ष फिरते होते. दरसाल नव्या गाड्या माफीत येत. पुढे गॉर्डन ब्राउन अर्थमंत्री झाले आणि त्यांनी हे फिरते चाक थांबविले. १ जानेवारी १९७३ पूर्वी बनलेल्या गाड्यांपुरतीच माफी उरली. पंधराहून अधिक वर्षे तीच रेषा कायम होती. १९७२ ची गाडी मुक्त आणि १९७३ ची मात्र म्हातारी होऊनही करदाती! अखेर २०१४ मध्ये जॉर्ज ऑस्बॉर्न यांच्या काळात चाक पुन्हा फिरू लागले. मर्यादा मात्र चाळीस वर्षांची झाली. आजही तोच नियम आहे.

माफीच्या बाजूने तीन गोष्टी सांगतात. पहिली, या गाड्या वर्षातून थोड्याच वेळा बाहेर पडतात. दुसरी, त्या धावतात तेव्हा पेट्रोलवरचा कर भरतातच. तिसरी, माफी श्रीमंती पाहून मिळत नाही. रोल्स-रॉइसला जी मिळते तीच साध्या मॉरिस मायनरलाही मिळते. तीनही मुद्दे खरे आहेत. ‘मग रस्ता फुकट वापरता काय?’ हा विरोधकांचा लाडका प्रश्नही तितकासा टिकत नाही. कारण १९३७ पासून हा पैसा तेथे सर्वसाधारण तिजोरीत जातो. रस्त्यासाठी तो राखून ठेवलेला नाही.

तरीही या व्यवस्थेत एक गोम आहे. तेथे नुसत्या वयाला मान आहे. चाळीस वर्षे भरली, गाडी धंद्याला लावलेली नसली, की कर नाही. मग ती महिन्यातून एकदा निघो वा रोज कचेरीला जावो! भरीस भर म्हणजे २०१८ पासून अशा गाड्यांना, त्यांत मोठा फेरबदल झालेला नसल्यास, वार्षिक तपासणीचीही सक्ती नाही. आणि लंडनमध्ये २०१९ पासून धुरकट गाड्यांना जो आकार पडतो, त्यातूनही त्या सुटतात. एका माफीच्या बोटाला धरून दुसऱ्या दोन माफ्या घरात शिरल्या! जुन्या इंजिनाचा धूर गाडीचे वय पाहून सौम्य होत नाही, आणि सैल झालेला ब्रेक इतिहासाचा मान राखीत नाही.

जर्मनीने निराळी वाट धरली. तेथे तीस वर्षांच्या गाडीची जाणकाराकडून परीक्षा होते. ती मूळ रूपात आणि सुस्थितीत आहे असे ठरले, तर तिच्या क्रमांकापुढे ‘एच’ हे अक्षर लागते. परंतु कर माफ होत नाही. मोटारीला वर्षाला ठरावीक १९१ युरो ७३ सेंट भरावेच लागतात. म्हणजे वयाबरोबर गुणही पाहिला, आणि सवलत दिली तरी सर्वस्वी मोकळे सोडले नाही.

आणि आपल्याकडे? केंद्र सरकारने २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांचे नियम केले. पन्नास वर्षांहून जुने, खाजगी, मूळ रूपात राखलेले वाहन असेल तर त्याला ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीला वीस हजार आणि फेरनोंदणीला पाच हजार रुपये शुल्क आहे. असे वाहन रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, संशोधन, रॅली, पेट्रोल भरणे आणि दुरुस्ती, एवढ्यासाठीच त्याला मुभा आहे. येथे वय, रूप आणि वापर या तिन्हींचा विचार झाला. मात्र वाहनांवरील कर हा घटनेप्रमाणे राज्यांचा विषय असल्याने करमाफीचा निर्णय राज्यांकडेच राहतो.

आमच्या महाराष्ट्रात खाजगी गाडीला पंधरा वर्षे झाली की पर्यावरण कर भरावा लागतो. तो कोण भरतो? नवी गाडी परवडत नाही म्हणून जुन्या स्कूटरवर मुलाला शाळेत सोडणारा कारकून भरतो. त्याचे जुनेपण हौसेचे नाही, गरजेचे आहे. उद्या बंगल्यातील पन्नास वर्षांच्या मोटारीला आपण माफी दिली, तर हा कारकून विचारील, ‘माझ्या गाडीचे जुनेपण गुन्हा आणि त्यांचे जुनेपण वैभव, हे कसे?’ त्याला आपल्याजवळ उत्तर असले पाहिजे.

आणखी एक दुखरी गोष्ट. मुंबईची पद्मिनी टॅक्सी आपण सर्वांनी पाहिली. अखेरची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेली होती. वीस वर्षांची मर्यादा संपताच ती रस्त्यावरून गेली. लोकांना हळहळ वाटली ती त्या गाडीची. पण जी गाडी लोकांच्या आयुष्यात मिसळली, ती धंद्याची म्हणून व्हिंटेजच्या व्याख्येत बसतच नाही. आपण जपतो ते इतिहासाला की मालकीला, याचाही विचार व्हावा.

तेव्हा आमचे मत असे. जुन्या मोटारींना करमाफी जरूर असावी. परंतु वयाबद्दल बक्षीस म्हणून नव्हे. गाडी मूळ रूपात आहे आणि ती वर्षातून ठरावीक अंतराहून अधिक धावत नाही, या दोन अटींवर ती द्यावी. तपासणी आणि धुराचे नियम यांना या माफीतून वाट देऊ नये. रोज रस्त्यावर येणारी गाडी, मग ती कितीही जुनी असो, रोजच्या गाडीचाच कर भरील. त्या दोन अटी पाळणाऱ्यांत लोकांनी वापरलेली एखादी टॅक्सी, एखादी एस.टी. असली, तर तिलाही तोच मान मिळावा.

असे झाले तर त्या कारकुनाला आपण सांगू शकू, ‘बाबा रे, ती गाडी रस्ता वापरीत नाही, ती आपल्या सर्वांची आठवण सांभाळते.’ आणि हे त्याला पटेल असा नियम करणे हीच खरी कसोटी आहे.