डावीकडेच वळणारी गाडी

देवळात प्रदक्षिणा घालताना देव उजव्या हाताला ठेवावा, हा आपल्याकडील जुना संकेत. मोटारींच्या लंबवर्तुळाकार शर्यतीत रीत नेमकी उलट असते. तेथे मैदानाचा मध्यभाग डाव्या हाताला ठेवतात आणि शर्यत सुरू झाल्यापासून संपेपर्यंत गाडी वळते ती डावीकडेच. ही रीत अमेरिकेतील मोठ्या मोटारींच्या शर्यतींत रूढ झाली आणि तेथून ती दीड-दोन वीत लांबीच्या, रेडिओलहरींवर चालणाऱ्या विजेच्या गाड्यांत उतरली. उत्तरेकडील राज्यांत हिवाळ्यात बाहेर बर्फ असते. तेव्हा हौशी मंडळी एखाद्या मोठ्या दालनात गालिचा अंथरून त्यावर ह्या गाड्या पळवतात. जयपूरमध्ये छपराखाली जाण्याचे कारण वेगळे. तेथे उन्हाळ्यातील लू आणि वाऱ्याबरोबर येणारी वाळू दोन्ही टाळायची असतात. वाळूचा एक कण एवढ्याशा यंत्रात काय उत्पात करू शकतो, ते पुढे येईलच.

दुरून यंत्र चालवण्याची कल्पना आकाशवाणीच्या श्रोत्यांना परकी वाटण्याचे कारण नाही. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये भिंतीपलीकडे विद्युत्-लहरी पाठवून घंटा वाजवून दाखवली. निकोला टेस्ला यांनी १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बिनतारी नियंत्रणाने एक छोटी नाव हौदात फिरवली. खेळण्यांच्या दुकानापर्यंत ही विद्या पोचायला मात्र पाऊणशे वर्षे लागली. जपानच्या तामिया कंपनीने १९७६ साली काढलेली पोर्शे ९३४ ही घरोघर पोचलेल्या अशा गाड्यांपैकी एक. त्या काळी दोन गाड्या एकाच कंपनसंख्येवर आल्या, की एकाच्या हातातल्या नियंत्रकाने दुसऱ्याची गाडी वळे, आणि भांडणे होत. म्हणून प्रत्येकाला वेगळा स्फटिक बसवावा लागे. पुढे २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा आला. भारतात २००५ साली तो परवान्याच्या अटीतून मुक्त झाला. आता नियंत्रक आणि गाडी एकमेकांना ओळखतात, आणि तो तंटा मिटला आहे.

अशी एक गाडी आणि तिचा धनी असलेला जयपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील एक विद्यार्थी आपण कल्पनेने समोर आणू. गाडीचे वजन एक किलो. डाव्या आणि उजव्या चाकांमधील अंतर सोळा सेंटिमीटर. सभागृहात अंथरलेली धावपट्टी अशी, की दोन सरळ बाजू प्रत्येकी दहा मीटरच्या आणि दोन्ही टोकांना तीन मीटर त्रिज्येची अर्धवर्तुळे. एक फेरी सुमारे ३९ मीटरची होते. वळणावर गाडी सेकंदाला सहा मीटर, म्हणजे ताशी जवळजवळ २२ किलोमीटर वेगाने जाते. सरळ बाजूवर दहापर्यंत चढते आणि पुढच्या वळणापूर्वी पुन्हा सहावर उतरते. ह्या हिशेबाने फेरीला साधारण ५.६ सेकंद लागतात. त्यांपैकी ३.१ सेकंद वळणांत जातात आणि २.५ सेकंद सरळ बाजूंवर.

गाडी मागे पडू लागली, की विद्यार्थ्याच्या मनात पहिला विचार येतो तो अधिक ताकदवान मोटर विकत घेण्याचा. हा विचार तपासून पाहण्याजोगा आहे. सरळ बाजूवरचा सरासरी वेग दहा टक्क्यांनी वाढावा अशी अपेक्षा असेल, तर तेथे चढणारा परमवेग दहावरून ११.६ वर गेला पाहिजे. कारण आरंभीचा आणि शेवटचा वेग वळणाने सहावर बांधून ठेवला आहे. एवढ्यासाठी मोटरला पूर्वीच्या दीडपटीहून अधिक काम आणि तेही कमी वेळात करावे लागते. बॅटरी तापते, मोटर तापते. आणि मागची चाके जमिनीला एवढे ढकलू शकतील की जागच्या जागी गरगरतील, हा प्रश्न शिल्लक राहतोच. पदरात पडतो तो फेरीमागे पाव सेकंदाहूनही थोडा कमी लाभ. आणि वळणावर घसरून गाडी एकदा स्वतःभोवती फिरली व त्यात तीन सेकंद गेले, तर अशा तेरा फेऱ्यांची कमाई एका क्षणात वाहून जाते. भारतात खेळण्यांवरील आयातशुल्क २०२० साली २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर आणि २०२३ साली ७० टक्क्यांवर गेले होते. परदेशी सुट्या भागांवर भिस्त ठेवणाऱ्या विद्यार्थ्याला पाकिटाकडे हात नेण्यापूर्वी कागद-पेन्सिल घेणे स्वस्त पडते, ते अशा वेळी.

तर मग प्रथम हात घालावा कशाला? उत्तर काहीसे निराशाजनक वाटेल: चाकांच्या आसाला. स्वस्त गाडीत आस पितळी किंवा प्लास्टिकच्या बुशांत फिरतो. बुश झिजतो, आसाला खेळ सुटतो, आणि मग नियंत्रकाचा दांडा तोच असूनही चाक दर फेरीला निराळ्या कोनात उभे राहते. तेथे गोळ्यांचे बेअरिंग बसवणे ही खरी पहिली सुधारणा. गालिच्याचे धागे आसाभोवती गुंडाळले जातात आणि वाळूचा कण बेअरिंगमध्ये शिरतो. म्हणून प्रत्येक शर्यतीनंतर ते काढून पुसावेही लागते. हे काम कंटाळवाणे आहे, आणि म्हणूनच बहुतेक जण ते टाळतात.

येथे जयपूरचा उल्लेख केवळ गाव म्हणून करून भागणार नाही. ज्या सवाई जयसिंहाने १७२७ साली हे नगर वसवले, त्याचीही तक्रार हीच होती. पितळी वेधयंत्रे आकाराने लहान पडतात, त्यांचे आस झिजतात, मध्यबिंदू आपल्या जागेवरून सरकतात, आणि त्यामुळे ग्रहगणित चुकते, असे त्याच्या ‘झीज-ए-मुहम्मदशाही’ ह्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत नोंदलेले आहे. त्याने काढलेला मार्ग राजाला शोभणारा होता: यंत्रे दगड-चुन्याची बांधायची आणि अवाढव्य बांधायची. जयपूरच्या जंतरमंतरमधील सम्राट-यंत्र सुमारे २७ मीटर उंच आहे. त्याची सावली सेकंदाला जवळजवळ एक मिलिमीटर सरकताना डोळ्यांनी दिसते. जयसिंहाच्या पदरी असलेल्या विद्वानांत जगन्नाथ सम्राट हे महाराष्ट्रीय पंडित होते. युक्लिडचे भूमितिशास्त्र अरबीवरून संस्कृतात ‘रेखागणित’ ह्या नावाने आणण्याचे श्रेय त्यांचे. आकार वाढवला की चूक लहान होते, हे जयसिंहाचे सूत्र. छोट्या गाडीच्या धन्याला मात्र तो मार्ग बंद आहे. त्याला आकार लहानच ठेवून चूक लहान करायची असते. पितळेशी फारकत घेण्याची मुभा त्याला आहे, आसाशी नाही.

आकार लहान असण्याचे काही फायदेही आहेत. लांबी, रुंदी आणि उंची बारा पटींनी घटवली, तर वजन बाराच्या घनाने, म्हणजे १,७२८ पटींनी घटते. पृष्ठभाग मात्र १४४ पटींनीच घटतो. हजार किलोच्या मोटारीची हुबेहूब प्रतिकृती केली तर ती पाऊण किलोच्याही आत भरेल. आपल्या वजनाच्या मानाने तिच्या चाकांना जमीन पुष्कळ मिळते, आणि भिंतीवर आदळूनही ती बहुधा धडधाकट उठते. मोठ्या मोटारीच्या चालकाला हे भाग्य नाही.

आता वळणाकडे वळू. सेकंदाला सहा मीटर वेगाने तीन मीटर त्रिज्येचे वळण घेताना गाडीला केंद्राकडे खेचणारे त्वरण सेकंदाला सेकंदाला बारा मीटर लागते. गुरुत्वत्वरणाहून ते काहीसे अधिकच आहे. हे सर्व बळ चार चाकांनी जमिनीकडून मिळवायचे. गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून दोन सेंटिमीटर उंच असला, तर वळताना दीडशे ग्रॅम भार डाव्या चाकांवरून उजव्या चाकांवर जातो. उभ्या गाडीत दोन्ही बाजूंना पाचपाचशे ग्रॅम होते. वळणात डावीकडे ३५० आणि उजवीकडे ६५० होतात. रबराचा स्वभाव असा, की भार दुप्पट केला म्हणून पकड दुप्पट होत नाही. ती थोडी कमीच वाढते. त्यामुळे भार जितका विषम वाटला जाईल तितकी चारही चाकांची मिळून पकड घटते.

डावीकडे आणि उजवीकडे दोन्ही बाजूंना वळणाऱ्या गाडीला ह्यावर उपाय नाही. एकाच बाजूला वळणाऱ्या गाडीला आहे. अडीचशे ग्रॅमची बॅटरी मध्यरेषेवरून पाच सेंटिमीटर डावीकडे सरकवली, की उभ्या गाडीत डावीकडे ५७८ आणि उजवीकडे ४२२ ग्रॅम होतात. वळणात तेच आकडे ४२८ आणि ५७२ वर येतात. विषमता जवळजवळ निम्मी झाली, आणि खर्च झाला तो दोन भोके पाडण्याचा. हे पाहण्यासाठी स्वयंपाकघरातील चार सारखे काटे घेऊन एकेका चाकाखाली एकेक ठेवावा. काटे उधार आणावे लागले तरी हरकत नाही.

भाराचा कर्ण हा ह्यातील नाजूक भाग. पुढचे उजवे आणि मागचे डावे चाक ह्या जोडीवर भार वाढवला, तर वळणात गाडी शेपूट सावरून धरते. फार वाढवला तर नाक बाहेर सरकू लागते आणि गाडी वळायला नाखूश होते. बुंध्याची पट्टी किंचित पिळली गेली असेल तर हा कर्ण नकळत बदललेला असतो. तपासण्याची रीत साधी आहे. चाकूचे पाते पुढच्या भागाच्या बरोबर मध्याखाली धरून गाडी हळूच उचलावी. दोन्ही पुढची चाके एकदम सुटली तर ठीक. एक आधी सुटले तर पीळ आहे. अपघातानंतर ही तपासणी न करता पुन्हा धाव घेणारा मनुष्य पुढच्या दहा फेऱ्या स्वतःच्या हाताला दोष देत बसतो.

चाकांच्या मापातही असाच डावे-उजवे भेद करता येतो. वळणात उजवे चाक ३.०८ मीटर त्रिज्येच्या आणि डावे २.९२ मीटर त्रिज्येच्या वाटेने जाते. दोन्ही मागची चाके एकाच अखंड आसावर घट्ट बसवली असतील, तर डावे ६० मिलिमीटर व्यासाचे असता उजवे ६३ मिलिमीटरच्या थोडे वर पाहिजे. मग कोणतेही चाक फरफटत जाणार नाही. परंतु असे केले की सरळ बाजूवरही गाडी डावीकडे ओढू लागते. म्हणून पुष्कळ जण दोन्ही चाकांना वेगवेगळा वेग घेऊ देणारी विभेदक दंतयोजना पत्करतात आणि व्यासातील फरक थोडाच ठेवतात.

गालिच्यावरील चाके बहुधा स्पंजासारख्या सच्छिद्र रबराची असतात आणि लेथवर फिरवून गोल केलेली असतात. ती झिजतात, आणि झिजण्याबरोबर गाडीचा वेगही झिजवतात. मोटरच्या दंतचक्राला ३२ आणि आसाच्या दंतचक्राला ९६ दाते असले, तर ६० मिलिमीटरचे चाक मोटरच्या एका फेऱ्यात गाडीला ६२.८ मिलिमीटर पुढे नेते. चाक ५७ वर आले की हा आकडा ५९.७ होतो. मोटरकडे एक दात वाढवून ३३ केले तर ६१.६, ३४ केले तर ६३.४. म्हणजे मोटर आजारी पडली असे समजून दुरुस्तीला नेण्यापूर्वी चाकांचा व्यास मोजावा. हा एक आकडा न मोजल्यामुळे चांगल्या मोटरी अडगळीत गेल्या असतील, असे मानायला जागा आहे.

गालिच्याचाही एक स्वभाव असतो. जयपूर हे गालिचे आणि सतरंज्या विणणारे शहर. अल्बर्ट हॉल संग्रहालयात सतराव्या शतकातील इराणी बागेचा विख्यात गालिचा जपलेला आहे. गालिचा विणणाऱ्या कारागिराला ठाऊक असते, की लव एका दिशेला झुकलेली असते. हात एका बाजूने फिरवला तर मऊ लागतो, उलट फिरवला तर विरोध जाणवतो. चाकालाही तेच जाणवते. लंबवर्तुळाच्या एका सरळ बाजूवर गाडी लवेबरोबर जाते आणि दुसऱ्या बाजूवर लवेविरुद्ध; त्यामुळे एकाच गाडीला दोन टोकांची दोन वळणे दोन निराळ्या गाडीवानांसारखी वागवतात. दोन्ही वळणांत गाडी उत्तम चालावी असा हट्ट धरला, तर बहुधा ती दोन्हींत मध्यम चालते. जेथून लांब वेगवान बाजू सुरू होते, ते वळण आधी साधून घेणे शहाणपणाचे.

ह्या सर्व फेरफारांत एक शिस्त पाळावी लागते, आणि तीच सर्वांत अवघड जाते. एका वेळी एकच बदल करावा. बॅटरी सरकवली त्याच वेळी स्प्रिंगही बदलली आणि गाडी सुधारली, तर श्रेय कोणाचे, हे कोणीच सांगू शकत नाही. बदलानंतर निदान दहा फेऱ्या घेऊन त्यांची सरासरी वहीत लिहावी. एखादी सर्वोत्तम फेरी लिहून स्वतःची समजूत घालू नये. चार मिनिटांच्या शर्यतीत अशा ४२-४३ फेऱ्या होतात. फेरीमागे सेकंदाचा दहावा भाग वाचला, तर अखेरीस चार सेकंदांहून अधिक, म्हणजे पाऊण फेरी मिळते.

लिथियमची बॅटरी भरताना विद्यार्थ्याने खोलीबाहेर जाऊ नये, हे सांगायला हवे. तिच्या प्रत्येक घटाचा दाब ४.२ व्होल्टच्या वर जाऊ दिला, अथवा अपघातात ती चेपली गेली, तर ती पेट घेऊ शकते. जुन्या निकेल-कॅडमियम घटांनी बरेच सोसले. ही सोसत नाही. जयपूरच्या मे महिन्यात बंद मोटारीत तिला विसरून जाणे तर अगदीच टाळावे.

आता सभागृहातील दिवे लागले आहेत, चार काटे टेबलावर मांडलेले आहेत, आणि विद्यार्थी गाडीचा मागचा आस काढून बेअरिंग कापडावर पुसत आहे. त्याच्या वहीत आज अठरा ओळी आहेत. नव्या मोटरची किंमत पहिल्या पानावर लिहून ठेवलेली आहे, आणि ती अजून खोडलेली नाही.