आधी मुक्काम, मग रस्ता

(मंडळाच्या मासिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला दिलेला विषय 'अमेरिकेतील प्रवास' असा होता. तो मी आपल्या परवानगीने थोडा आखूड करून घेतला आहे. तिकडची उंच घरे आणि मोठाली दुकाने आपल्यापैकी पुष्कळजणींनी मुलाबाळांकडे जाऊन पाहिलेली आहेत. मी सांगणार आहे ते एवढेच, की चूल, बिछाना आणि न्हाणीघर आत असलेली मोटार घेऊन तो देश या टोकापासून त्या टोकापर्यंत ओलांडायचा झाल्यास रस्ता कसा आखावा आणि रात्री कोठे उतरावे.

२०१९ च्या जून महिन्यात आमच्या मुलीचे बिऱ्हाड न्यू जर्सीहून कॅलिफोर्नियास हलले. सामान मालमोटारीने पुढे गेले. मुलगी, जावई, नऊ वर्षांचा नातू, यजमान आणि मी असे पाचजण भाड्याच्या मोटारघरातून निघालो. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, तसे आमचे चाकांवर. मोटार पंचवीस फूट लांब आणि सुमारे अकरा फूट उंच होती. मुलगी आणि जावई आळीपाळीने चालवीत. आखणीचे काम मजकडे आले, कारण मंडळाच्या सहली मी पंधरा वर्षे काढल्या आहेत, आणि दुसरे म्हणजे त्या दोघांना वेळ नव्हता.

वाट सरळ होती. ८० क्रमांकाचा महामार्ग न्यूयॉर्कच्या जवळ सुरू होऊन थेट सान फ्रान्सिस्कोस जातो. अंतर सुमारे २,९०० मैल आणि वाटेत अकरा राज्ये. या महामार्गांच्या क्रमांकांत मोठी शिस्त आहे. सम आकडे पूर्व-पश्चिम रस्त्यांचे, विषम दक्षिणोत्तर रस्त्यांचे. मैलांचे दगड सहसा राज्याच्या पश्चिम किंवा दक्षिण सीमेपासून मोजतात आणि बहुतेक राज्यांत बाहेर पडण्याच्या वाटांनाही त्याच मैलाचा आकडा देतात. आपण ३१२ क्रमांकाशी असू आणि मुक्काम २७२ शी असेल तर चाळीस मैल उरले. नातवाने हे गणित पहिल्याच दिवशी हातात घेतले. "आता किती राहिले?" हा प्रश्न त्यामुळे त्याने आम्हांस न विचारता आम्हीच त्यास विचारू लागलो!

जावयांचा हिशेब असा होता, की रोज पाचशे मैल गेलो तर सहा दिवसांत पोहोचू. नकाशाकडे पाहून कोणीही असाच हिशेब करील. मी मात्र रस्ता बाजूस ठेवून आधी रात्री लिहून काढल्या. आळंदीहून पालखी निघते तेव्हा वारकऱ्याच्या तोंडी कोसांचे आकडे नसतात. सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद अशी मुक्कामांची नावे असतात. तीच रीत मी धरली. यजमान इन्सुलिन घेतात. जवळचा साठा थंड राहिला पाहिजे, म्हणजे शीतकपाट रात्रभर चालले पाहिजे, म्हणजे मुक्कामी वीज पाहिजे, म्हणजे जागा आधी राखून ठेवली पाहिजे. यावरून रोजचे अंतर अडीचशे मैल ठरले. बारा दिवस चालायचे आणि तीन दिवस हातचे राखायचे. "आई, तीन दिवस नुसते बसून काय करायचे?" असे जावयांनी विचारले. "बसायची वेळ आली तर कळेल," असे मी म्हटले.

मोटारघरे उतरण्याच्या जागा तिकडे अनेक प्रकारच्या आहेत. खासगी तळांवर वीज, पाणी आणि सांडपाण्याची नळी जोडण्याची सोय मिळते. विजेची जोडणी ३० किंवा ५० अँपियरची असते. आपल्या मोटारीला कोणती लागते ते विचारून घ्यावे. राज्यांच्या उद्यानांतील तळ स्वस्त आणि झाडीचे, पण तेथे सगळ्या सोयी असतीलच असे नाही. पश्चिमेकडील सरकारी मोकळ्या जमिनींवर पुष्कळ ठिकाणी फुकट राहता येते, परंतु तेथे नळही नसतो आणि शेजारही नसतो. महामार्गावरील विश्रांतिस्थळी रात्र काढण्याचे नियम राज्यागणिक निराळे आहेत. काही मोठ्या दुकानांच्या पटांगणात व्यवस्थापकाची परवानगी घेऊन एक रात्र थांबू देतात.

जागा राखताना आणखी एक प्रश्न अवश्य विचारावा: मोटार एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने सरळ निघते, की पाठीमागे घेत लावावी लागते? नवशिक्याने पहिल्या प्रकारची जागा मागावी, दोन पैसे जास्त पडले तरी.

सांडपाण्याविषयी सांगितल्याशिवाय मोटारघराची गोष्ट पुरी होत नाही. शौचकूपाची टाकी वेगळी आणि मोरीची वेगळी. आधी शौचकूपाची रिकामी करायची, मग मोरीची, म्हणजे दुसऱ्या पाण्याने नळी धुऊन निघते. हे काम आमच्या जावयांनी पंधरा दिवस एकदाही कुरकुर न करता केले, हे मी येथे मुद्दाम सांगते.

आता फजितीचे सांगते. दोन दिवस आखणीप्रमाणे गेले. तिसऱ्या दिवशी ओहायोतून निघून इंडियानात उतरायचे ठरले होते. दुपारी दोनलाच मुक्काम जवळ आला. हवा छान, रस्ता मोकळा, शिवाय पश्चिमेकडे जाताना इंडियानात घड्याळ एक तास मागे जाते. "फुकटचा तास मिळाला आहे, पुढे जाऊ," असे जावई म्हणाले, मुलीने मान डोलावली, आणि मीही नाही म्हटले नाही. राखलेली जागा सोडून दिली. शिकागोच्या दक्षिण अंगास पोहोचलो ती नेमकी कचेऱ्या सुटण्याची वेळ. तेथे तो फुकटचा तास गेला आणि गाठीचे दोन गेले. तिकडे जूनमध्ये रात्री साडेआठपर्यंत उजेड असतो खरा, पण आम्ही पश्चिमेला तोंड करून चाललो होतो. दोन तास सूर्य चालकाच्या डोळ्यांत होता. सव्वाचारशेहून अधिक मैल तोडून साडेदहाला आयोवात शिरलो. पहिल्या तळाचे फाटक बंद, दुसऱ्यावर जागा नाही. अखेर मालमोटारींच्या एका थांब्यावर कडेला उभे राहिलो.

जागा उतरती होती. आमच्या मोटारीतले शीतकपाट वीज नसली म्हणजे गॅसवर चाले, पण मोटार तिरकी उभी राहिली तर ते थंडावा धरीत नाही. हे भाडेपट्टीबरोबरच्या पुस्तकात छापलेले होते. आम्ही कोणी वाचले नव्हते. पहाटे यजमानांनी कपाट उघडले तर आतला लोण्याचा डबा नुसता पाझरत होता. सर्वांचे चेहरे उतरले. थांब्यावरच्या दुकानातून बर्फ आणला. इन्सुलिन बर्फाला थेट टेकवायचे नसते, कारण एकदा गोठले की ते निकामी होते. म्हणून कुप्या डब्यात घालून, डब्याला पंचा गुंडाळून मग पेटीत ठेवल्या. सुदैवाने रात्र गार होती आणि साठा वाचला. यजमान काही बोलले नाहीत. जावईही बोलले नाहीत. फक्त माझी वही घेऊन त्यांनी पुढची नऊ नावे वाचली आणि परत दिली. त्या दिवसापासून सकाळी सातला निघायचे, सूर्य पाठीशी असताना चालायचे आणि चारच्या आत उतरायचे, हा नियम झाला.

या रस्त्यावर आपल्याआधी कोण गेले हे पाहू लागले तर आपल्या अडचणींची लाज वाटते. १९०९ च्या जून महिन्यात ॲलिस रॅमसे नावाची बावीस वर्षांची तरुणी तीन बायकांना बरोबर घेऊन न्यूयॉर्कहून मोटारीने निघाली आणि ५९ दिवसांनी सान फ्रान्सिस्कोस पोहोचली. मोटार हाकत देश ओलांडणारी ती पहिली स्त्री. चौघींत मोटार चालविता येणारी ती एकटीच. ३,८०० मैलांपैकी फरसबंद रस्ता अवघा १५२ मैल होता. वाटाड्या म्हणून जे पुस्तक होते त्यात एका ठिकाणी पिवळ्या घरापाशी वळायला सांगितले होते, पण घरमालकाने दरम्यान घराला हिरवा रंग दिला होता! जेथे पुस्तक नव्हते तेथे या बायका तारांचे खांब पाहून चालल्या. ज्या खांबांवर तारा अधिक, तिकडे गाव असणार. आयोवात ओढा भरून आला तेव्हा तो ओसरेपर्यंत त्यांनी रात्र मोटारीपाशीच काढली.

आणि सर्वांनाच वाटेल तेथे उतरता येत होते असेही नाही. काळ्या लोकांना पुष्कळ खाणावळी आणि धर्मशाळावजा हॉटेले दार उघडीत नसत; कित्येक गावांत सूर्य मावळल्यावर त्यांनी थांबणे धोक्याचे असे. व्हिक्टर ह्यूगो ग्रीन या न्यूयॉर्कमधील टपालवाल्याने १९३६ पासून त्यांच्यासाठी वाटाड्याचे पुस्तक काढले. कोणत्या गावी कोणते घर रात्री आसरा देईल, याच्या याद्या त्यात असत. ते पुस्तक साठीच्या दशकाच्या मध्यापर्यंत निघत होते. माझ्या वहीत नावे लिहिताना मला फक्त विजेची चिंता होती.

नेब्रास्का हे राज्य रस्त्याने ४५५ मैल लांब आहे आणि सपाट. पूर्वी बैलगाड्यांतून पश्चिमेस गेलेली कुटुंबे प्लॅट नदी धरून येथूनच गेली. आम्ही कर्नी या गावी उतरलो. संध्याकाळी पश्चिमेकडे आभाळ हिरवट काळे झाले. शेजारच्या मोटारघरातील एक वयस्क बाई दार वाजवून आली आणि तिने विचारले, "तुम्ही कोणत्या कौंटीत आहात, ठाऊक आहे का?" कौंटी म्हणजे आपल्या तालुक्या-जिल्ह्यासारखा विभाग. आम्हांस गाव ठाऊक, रस्ता ठाऊक, मैल ठाऊक, पण कौंटी ठाऊक नव्हती. ती म्हणाली, "वादळाचा इशारा रेडिओवर कौंटीच्या नावाने देतात. नाव ठाऊक नसेल तर तुम्ही ऐकूनही ऐकले नाही असे होईल." आमची कौंटी बफेलो नावाची निघाली. नातू म्हणाला, "आजी, म्हशींचा तालुका!" बाईंनी आणखी सांगितले, की 'वॉच' म्हटले तर चक्रीवादळ होण्याजोगी हवा आहे असे समजावे, आणि 'वॉर्निंग' म्हटले तर ते दिसले आहे, तत्काळ उठावे. मोटारघरात मुळीच थांबू नये. वारा ते खोक्यासारखे उलथून टाकतो.

रात्री नऊच्या सुमारास 'वॉर्निंग' हा शब्द आणि पाठोपाठ बफेलोचे नाव आले. मोबाइलही किंचाळू लागले. आम्ही तळावरच्या पक्क्या विटांच्या स्नानगृहात गेलो. तेथे वीसेक माणसे, दोन कुत्री आणि एक तान्हे मूल होते. यजमानांच्या मांडीवर पंचात गुंडाळलेला डबा होता. पाऊण तास गारा पडत होत्या. वादळ उत्तरेकडून निघून गेले. मोटारीच्या छपरास पोचे आले, बाकी काही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उरलेल्या प्रत्येक मुक्कामापुढे कौंटीचे नाव आणि सर्वांत जवळचे रुग्णालय लिहून काढले.

हातचे राखलेले दिवस वायोमिंगमध्ये कामास आले. शायेन सोडले की महामार्ग ८,६४० फुटांपर्यंत चढतो आणि तेथे वारा असा असतो, की उंच वाहनांना कित्येकदा मज्जाव करतात. फलकावर तशी सूचना लागली होती. रोज पाचशे मैलांचे वचन दिलेला मनुष्य अशा वेळी निघतो. आम्ही शायेनलाच राहिलो, मुगाची खिचडी केली, कपडे धुतले. यलोस्टोनला जाण्याचा नातवाचा हट्ट मात्र मला मोडावा लागला. नकाशावर ते बोटभर बाजूला दिसते, प्रत्यक्षात महामार्ग सोडून दोनशे मैलांहून अधिक जावे लागते. आणि सरकारी उद्यानांतल्या पुष्कळ जागा सहा महिने आधी सुटतात व लगेच संपतात. त्याचा राग अजून गेलेला नाही.

शेवटचा घाट डोनरचा. १८४६ साली एक तांडा जवळची वाट म्हणून नव्या रस्त्याने गेला, उशिरा पोहोचला आणि या घाटाखाली बर्फात अडकला. ८७ माणसांपैकी सुमारे निम्मीच वाचली. घाटापाशी उतरलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. जावयांनी जागेवर गाडी लावली, वीज जोडली, मोटार समपातळीत आहे की नाही हे पाण्याचा पेला ठेवून पाहिले आणि मग मला हाक मारली, "आई, कौंटी नेवाडा. राज्य मात्र कॅलिफोर्निया. लिहा."

ती वही मी मंडळाच्या कपाटात ठेवली आहे. तीत प्रत्येक मुक्कामाची जागा, विजेची सोय, तळाची शेवटची वेळ, कौंटी आणि रुग्णालय अशी पाच टिपणे आहेत. दरांचे आकडे मी खोडून टाकले आहेत, ते आता बदलले असतील. जिला हवी असेल तिने सही करून न्यावी, आणि कृपा करून परत आणून ठेवावी.