कॉलेजचे पहिले वर्ष आणि आपली जबाबदारी

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



बारावीचा निकाल लागला की आपण पेढे वाटतो, विहारात सत्कार करतो. आज मला सत्कारानंतरच्या सहा महिन्यांविषयी बोलायचं आहे. कारण आपली पोरं गळतात ती तिथंच.

माझंच सांगतो. गावाकडून शिकायला आलो तेव्हा पहिल्याच तासाला प्राध्यापक इंग्रजीतून बोलायला लागले. शाळेत गुरुजी फळ्यावर लिहायचे, आम्ही उतरवून घ्यायचो. इथं कुणी लिहून देईना. वाटलं, सगळ्यांना समजतंय, आपणच ढ. तीन आठवड्यांनी वळकटी बांधून घरी आलो. माय एवढंच म्हणाली, "समजलं नाही, हे कुणाला विचारलंस का?" विचारलं नव्हतं. परत गेलो. वरच्या वर्गातल्या एका मुलानं रोज रात्री तासभर सोबत बसवलं. त्या वर्षी एक विषय राहिला, पण शिक्षण सुटलं नाही.

बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, कॉलेज सुरू केलं. त्याचं नाव मिलिंद. मिलिंद हा राजा. भिक्खू नागसेनांना प्रश्नावर प्रश्न विचारणारा. परिसराला नागसेनवन म्हणतात, पण कॉलेजला नाव आहे ते प्रश्न विचारणाऱ्याचं! राजाला विचारताना कमीपणा वाटला नाही, मग आपल्या लेकरांना का वाटावा?

आता पद्धतही बदलली आहे. वर्षाअखेरीच्या एका परीक्षेवर भागत नाही. सेमिस्टर आहे, क्रेडिट आहे, वर्गातल्या कामाला गुण आहेत. एक क्रेडिट म्हणजे साधारण १५ तासांचं शिकवणं. चार क्रेडिटचा विषय ६० तासांचा. आठवड्याला चार तास धरले तर दोन आठवडे घरी राहिलेल्या मुलाचे एकाच विषयाचे आठ तास बुडतात. आणि आपण त्याला बोलावतो कधी? सोयाबीनच्या काढणीला, कापूस वेचायला. नेमकी तेव्हाच पहिल्या सेमिस्टरची परीक्षा तोंडावर आलेली असते. आपली अडचण खोटी नाही. मजूर परवडत नाही. पण बोलावण्याआधी परीक्षेची तारीख तरी विचारा.

आपल्याच वस्तीतली एक मुलगी दिवाळीनंतर कॉलेजात गेलीच नाही. तिचा सत्कार माझ्याच हातानं झाला होता. "काय झालं बाई?" हे मी विचारलं पुढच्या उन्हाळ्यात. तिला फक्त इंग्रजी जड जात होतं. ही चूक माझी, आणि आपल्या सगळ्यांची.

म्हणून तीन गोष्टी सुचवतो. मायबापहो, "किती मार्क पडले?" याच्याआधी "आज काय समजलं नाही?" असं विचारा. ताई-दादांनो, तुम्ही दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला आहात; पहिल्या वर्षाचं एकेक पोर वाटून घ्या. शिष्यवृत्तीचा फॉर्म, वसतिगृहाचा अर्ज, वसतिगृह नाही मिळालं तर स्वाधार योजना, हे तुम्हीच त्यांना बसून भरून द्या. आणि विहार समितीला विनंती, दर रविवारी वंदनेनंतर दोन तास सतरंजी उचलू नका. तिथं पोरं बसतील, अडलेलं विचारतील.

सत्कार जूनमध्ये करूच. पण दिवाळीनंतर एकदा हजेरीही घेऊ. कोण आलं नाही, ते पाहू आणि त्याच्या घरी जाऊ.