तोंडी शंकेचीही नोंद



केसपेपरवर हिमोग्लोबिन ६ असते, रक्त चढविल्याची नोंद असते. परंतु निदानाच्या रकान्यात रक्तक्षय कोठेच नसतो. मग नोंद-विभाग डॉक्टरांना विचारतो, बहुधा वॉर्डात, चालता चालता. अमेरिकेतील आहिमा व अ‍ॅक्डिस या वैद्यकीय नोंदींच्या संस्थांनी २०२२ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार अशा तोंडी विचारणेलाही लेखी विचारणेचेच नियम लागू होतात. ‘हा रक्तक्षयच ना?’ असे उत्तर सुचवून विचारावयाचे नाही. ‘रक्त कोणत्या निदानासाठी दिले?’ असे विचारावयाचे. आम्हांस हे पूर्णतः पटते. प्रश्न, उत्तर व वेळ कागदावर उतरली नाही, तर डिस्चार्ज कार्डात तो आजार राहूनच जातो. पुढील गावच्या डॉक्टरांपुढे, दुर्दैवाने, तेवढेच कार्ड असते.