सांभाळणाऱ्यालाही रजा हवी
(रौप्यमहोत्सवानिमित्त झालेल्या ज्येष्ठांच्या मेळाव्यातील भाषण)



मला ‘आनंदी म्हातारपण’ हा विषय दिलाय. मी बोलणार आहे रजेवर. बँकेत जबाबदारीच्या खुर्चीवरच्या माणसाला वर्षातून एकदा सलग रजा सक्तीने घ्यावी लागते. दयेपोटी नव्हे हं! जागेवर दुसरा बसला की खणात काय दडलंय ते बाहेर येतं. घरात आजारी माणसाचं करणाऱ्याला मात्र रजा नाही. आपल्या सोसायटीत अशी किती घरं आहेत ते लिफ्टमध्ये भेटणाऱ्या चेहऱ्यांवरून कळतं.

सौ.ला पक्षाघात होऊन पाच वर्षं झाली. गेल्या वर्षी माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. डॉक्टर म्हणाले, काही दिवस वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही. आणि माझं रोजचं काम तेच, तिला उचलून खुर्चीत बसवणं. मुलगी परदेशात. मग शोध सुरू केला.

ब्युरोकडून १२ किंवा २४ तासांची मावशी मिळते. ठरवताना विचारायचं ते हे, की तिने दांडी मारली तर बदली कोण आणि किती वेळात? वृद्धाश्रमांना फोन केले तर बहुतेकांचं उत्तर एकच, ‘चालतंफिरतं माणूस असेल तरच.’ शेवटी पंधरा दिवसांसाठी ठेवून घेणारा एक सापडला. आधी स्वतः जाऊन बघितलं, तेही जेवणाच्या वेळी. रात्री किती माणसं असतात, अचानक बिघडलं तर कुठल्या हॉस्पिटलात नेतात, डिपॉझिट परत कधी, सगळं लिहून घेतलं. बँकेची सवय!

घरात कर्करोगाचा रुग्ण असेल तर वारज्याचं सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर केंद्र आहे. १९९७ पासून तिथे विनामूल्य सेवा मिळते, घरचं माणूसही सोबत राहू शकतं. आणि १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची सरकारी हेल्पलाइन, सकाळी ८ ते रात्री ८.

खरी अडचण पैशांइतकीच मनाची. ‘बायकोला आश्रमात ठेवलं’ असं एका नातेवाइकाने ऐकवलंच. ते स्वतः पाच वर्षांत दोनदा आले, दोन्ही वेळा चहाला. सौ.ला विचारलं तेव्हा ती दोन दिवस बोलली नाही. मग म्हणाली, ‘पंधरा म्हणजे पंधरा.’

जाताना मी रीतसर चार्ज दिला. गोळ्या कधी, कुशीवर दर दोन तासांनी वळवायचं, घास बारीक, पाणी बसवूनच, डावा खांदा ओढायचा नाही, रात्री दिवा लागतो. दोन पानं भरली. ती पानं मुलीने फोनवर वाचली आणि म्हणाली, ‘बाबा, हे सगळं तुम्ही रोज करता?’ तेव्हापासून वर्षातून एकदा तीन आठवडे ती येते.

आश्रमातली आमटी अळणी होती, ही सौ.ची तक्रार अजून चालू आहे. पत्त्यांत भिडू चांगला मिळाला, हेही सांगते.

कमिटीला एक विनंती. कामाच्या मावश्यांना गेटवर रोज अर्धा तास खोळंबवू नका. पोलीस पडताळणी एकदा झाली की पास द्या. ऑफिसात मी एक वही ठेवली आहे. मावशी, ब्युरो, मुक्कामाची सोय, ज्याला जे माहीत असेल ते त्यात लिहावं. दर मात्र खरे लिहा, घासाघीस करून मिळालेले.