जुनी मोटारसायकल : जीर्णोद्धार कीं जतन ?



जीर्णोद्धार हा शब्द आपल्याकडे देवळाच्या संदर्भांत रूढ आहे. पडक्या ओवऱ्या नव्यानें बांधल्या, शिखराला रंग दिला, कीं जीर्णोद्धार झाला असें आपण म्हणतों व त्यांत पुण्य मानतों. आज हाच शब्द मी एका सामान्य वस्तूला लावून पाहणार आहें. ती वस्तु म्हणजे जुनी मोटारसायकल. आणि तीही रस्त्यावरची नव्हे, तर चिखलांतून व खाचखळग्यांतून शर्यतीसाठीं पळवलेली. अशी गाडी हातीं आली असतां ती पुन्हा नव्यासारखी करावी, कीं आहे तशीच राखावी ?

ह्या प्रश्नाचें निमित्त असें घडलें. सोलापूरच्या पूर्व भागांतील माझ्या ओळखीच्या एका तरुणाला त्याच्या मामांच्या पश्चात् एक जावा मोटारसायकल मिळाली. मागाच्या शेडमध्यें, सुताच्या पोत्यांमागें, ती कित्येक वर्षें उभी होती. पुढचा दिवा नाहीं. मागचा मडगार्ड अर्धा कापलेला. सायलेन्सर वाकवून वर घेतलेला. हँडलला मधोमध एक आडवी दांडी जोडलेली. टाकीवरचा मूळचा किरमिजी रंग गुडघ्यांच्या घर्षणानें दोहों बाजूंस उडालेला, आणि एका बाजूस हातानें रंगवलेला शर्यतीचा आंकडा. तरुण मोठ्या उत्साहांत होता. चांगला रंगारी व क्रोम चढवणारा कोण, एवढेंच त्याला माझ्याकडून हवें होतें. मी म्हणालों, “पत्ता देतों, पण आठ दिवस थांब.”

हे आठ दिवस मीं कां मागितले तें सांगण्यापूर्वीं ह्या गाडीचें कुळ सांगितलें पाहिजे. ज्या शर्यतींसाठीं ती अशी कापली गेली, त्यांना मोटोक्रॉस म्हणतात. ह्या खेळाचा उगम इंग्लंडांत कॅम्बर्ली येथें १९२४ सालीं झालेल्या एका शर्यतीपर्यंत नेतां येतो. पुढें १९५७ पासून ५०० घनसेंटिमीटरच्या वर्गांत, व १९६२ पासून २५० च्या वर्गांत जागतिक अजिंक्यपदाच्या स्पर्धा सुरू झाल्या. त्या काळांत चेकोस्लोव्हाकियांतील सीझेड ह्या गाडीनें मोठा दरारा निर्माण केला. बेल्जियमच्या जोएल रोबेरनें १९६४ मध्यें आणि सोव्हिएट संघाच्या व्हिक्टर आर्बेकोव्हनें १९६५ मध्यें २५० च्या वर्गांत, तर पूर्व जर्मनीच्या पाउल फ्रीडरिक्सनें १९६६ ते १९६८ अशीं ओळीनें तीन वर्षें ५०० च्या वर्गांत सीझेडवर बसूनच अजिंक्यपद मिळवलें.

जावा ही ह्याच सीझेडची भगिनी. फ्रांतिशेक यानेचेक ह्यांनीं १९२९ सालीं जर्मनीच्या वांडरर कारखान्याकडून एका मोटारसायकलचा आराखडा घेतला, आणि यानेचेक व वांडरर ह्या दोन नांवांच्या आरंभींचीं अक्षरें जोडून ‘जावा’ हें नांव सिद्ध झालें. आपल्याकडे म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यांत १९६१ पासून ह्या गाड्या बनूं लागल्या. सत्तरीच्या दशकांत त्याच कारखान्याची गाडी येझदी ह्या नांवानें बाहेर पडूं लागली. आणि १९९६ मध्यें कारखाना बंद झाला. जावाचें नांव २०१८ पासून नव्या गाड्यांवर पुन्हा दिसूं लागलें आहे, परंतु त्या गाड्या निराळ्या. जुन्या गाडीची ओळख म्हणजे तिचें दोन स्ट्रोकचें इंजिन, दोन बाजूंचे दोन सायलेन्सर, आणि किक मारण्याचीच दांडी पुढें वळवून गीअर बदलण्याची ती चतुर योजना. जुलै महिन्याच्या दुसऱ्या रविवारीं अनेक शहरांत ह्या गाड्यांचे शौकीन आपापलीं वाहनें घेऊन अद्यापहि एकत्र जमतात.

परदेशी शर्यतीची गाडी त्या काळीं आयातीच्या निर्बंधांमुळें सहजासहजीं मिळत नसे. म्हणून आपल्या हौशी तरुणांनीं घरची जावा, येझदी किंवा राजदूत हीच कापून, वांकवून, जोडून शर्यतीजोगी केली. दिवा काढला, कारण तो पडतांच फुटणार. सायलेन्सर वर घेतला, कारण खालीं तो दगडाला लागणार. शेडमधली ती गाडी अशांपैकींच एक.

आतां प्रश्नाची खरी गांठ पाहा. ‘गाडी मूळ स्वरूपांत आणावी’ असें आपण सहज म्हणतों. परंतु मूळ म्हणजे कोणत्या दिवसाचें ? म्हैसूरच्या दारांतून ती बाहेर पडली त्या दिवसाचें, कीं काळ्या मातीच्या शेतांत ती शर्यतीला उभी राहिली त्या दिवसाचें ? नवा मडगार्ड बसवला, दिवा लावला, किरमिजी रंग चढवला, म्हणजे कारखान्याचा एक दिवस परत येईल. परंतु मामांचीं सगळीं वर्षें पुसलीं जातील. म्हैसूरहून आलेल्या तशा गाड्या आजहि पुष्कळ सांपडतील; सोलापुरांत कापलेली, त्या हातांनीं पळवलेली ही गाडी मात्र दुसरी सांपडणार नाहीं.

हें मी पुस्तकी ज्ञानावरून सांगत नाहीं. ही चूक मीं स्वतः केलेली आहे. माझ्या वडिलांची येझदी होती. ते निवर्तल्यावर मीं ती सगळी सुटी केली, वाळूच्या झोतानें घासवून घेतली, नवा रंग दिला, क्रोम चढवलें. गाडी अशी झळकूं लागली कीं शेजारीपाजारी पाहावयास आले. आईहि बाहेर आली. तिनें टाकीवरून हात फिरवला आणि विचारलें, “तो पोचा कुठें गेला रे ? पंढरपूरच्या रस्त्यावर आम्ही दोघं पडलो होतो, तेव्हांचा ?” तो पोचा मीं पैसे मोजून काढून घेतला होता. आई आणखी कांहीं बोलली नाहीं. परंतु त्या दिवसानंतर गाडीविषयीं तिनें कधीं विचारलेंहि नाहीं.

तेव्हांपासून मी जुन्या यंत्रावरच्या खुणांचे तीन वर्ग करतों. पहिला वर्ग झिजेचा : गुडघ्यानें उडालेला रंग, बुटानें गुळगुळीत झालेली किकची दांडी. ही झीज म्हणजे वापरणाऱ्याची सही. तिला हात लावूं नये. दुसरा वर्ग इजेचा : पोचा, चीर, वांकलेला फोर्क. येथें विवेक करावा. टाकीवरचा पोचा कोणाचा जीव घेत नाहीं. फोर्कची चीर घेऊं शकते. तिसरा वर्ग क्षयाचा, म्हणजे गंजाचा. पुष्कळ हौशी मंडळी गंजालाच जुनेपणा समजून त्याची पूजा करतात. तें चूक आहे. गंज ही आठवण नव्हे, तो रोग आहे. बोट फिरवल्यावर नारिंगी भुकटी हाताला लागली तर रोग चालू आहे असें समजावें. घट्ट तपकिरी थर असेल तर तेलाचा पातळ हात पुरतो.

आपल्या सोलापूरची हवा कोरडी, त्यामुळें कोंकणाच्या मानानें येथें लोखंड दीर्घायुषी. परंतु आपले शत्रू निराळे आहेत. उन्हाळ्याच्या तापानें रबर तडकतें. आणि मडगार्डखालीं वाळून बसलेली काळी माती पावसाळ्यांत ओल धरून ठेवते व आंतून पत्रा खाते. म्हणून अशी माती ब्रशानें हलकेच काढावी. पाण्याचा जोरदार फवारा मारूं नये, तो बेअरिंगमध्यें शिरतो.

गाडी मिळाली कीं प्रथम पाना हातीं घेण्याचा मोह टाळावा. आधीं सर्व बाजूंनीं छायाचित्रें घ्यावींत. इंजिनावरचा व सांगाड्यावरचा क्रमांक नोंदणीपुस्तकाशीं ताडून पाहावा. मग टाकींतलें कुजकें पेट्रोल काढावें. इंजिन जाम असेल तर किकवर उभें राहूं नये; स्पार्क प्लग काढून त्या भोंकांतून थोडें तेल सोडावें आणि कांहीं दिवस वाट पाहावी. दोन स्ट्रोकच्या इंजिनांत पेट्रोलांतच तेल मिसळलेलें असल्यामुळें आंतले भाग पुष्कळदां अपेक्षेहून चांगले निघतात. परंतु क्रँकजवळचीं रबरी सीलें वयानें कडक होतात, तेथून हवा शिरते, मिश्रण विरळ होतें आणि पिस्टन धरतो. तीं सीलें बदलण्यांत कोणतेंहि पाप नाहीं. टायर, ब्रेकचे अस्तर, तारा, हीं बदलण्यासाठींच असतात. मात्र काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी बांधून पेटींत ठेवावा. आणि वाळूचा झोत ? तो मूळ रंगाचा शेवटचा कणहि ठेवीत नाहीं, व मऊ धातूवर कोरलेलीं अक्षरेंहि पुसट करतो.

हा विचार माझ्या एकट्याचा नव्हे. जुन्या वाहनांच्या ‘फिवा’ ह्या आंतरराष्ट्रीय संघटनेनें २०१२ सालीं तुरीनची सनद स्वीकारली. तिच्यांत जतन आणि जीर्णोद्धार ह्यांत भेद केला आहे, व वाहनाच्या आयुष्याच्या खुणांना मोल दिलें आहे. आपल्या केंद्र सरकारनेंहि २०२१ सालीं नियमांत दुरुस्ती करून, पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनें, मूळ स्वरूपांत राखलेलें व मोठा फेरफार न झालेलें दुचाकी किंवा चारचाकी वाहन ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवण्याची सोय केली. असें वाहन रस्त्यावर नेहमींच्या वापरासाठीं चालवतां येत नाहीं. येथें आपल्या तरुणापुढें एक पेंच उभा राहतो. शर्यतीसाठीं कापलेली गाडी ह्या व्याख्येंत बसणें कठीण. व्याख्येंत बसवावी तर मामांची कलाकृति मोडावी लागते. ती राखावी तर सरकारी मानाची पाटी सोडावी लागते. माझें मत विचाराल तर पाटी सोडावी.

ह्याचा अर्थ जीर्णोद्धार सर्वथा निषिद्ध असा नव्हे. सांगाडा कुजून गेला असेल, अर्धे भाग हरवले असतील, कोणी आधींच भलताच रंग फासून ठेवला असेल, किंवा गाडी रोज कामावर न्यावयाची असेल, तर ती नव्यानें उभी करणें हेंच शहाणपण. अशा कामांत कारागिराचें कौशल्यहि जिवंत राहतें. परंतु जेथें संशय असेल तेथें थांबावें. आज न दिलेला रंग उद्यां देतां येतो. आज खरवडलेला रंग उद्यां परत आणतां येत नाहीं. आपण विणकरांच्या गांवचे लोक. आपल्याला हें अवघड वाटूं नये. चादरीला भोंक पडलें तर रफूगर धाग्याला धागा जुळवतो. सगळी चादर उसवून नव्यानें विणून देत नाहीं.

त्या आठ दिवसांत काय झालें, तें सांगून संपवतों. तरुणानें चौकशी करतां करतां एका वृद्ध मिस्त्रींना शोधून काढलें आणि त्यांना शेडमध्यें आणलें. त्यांनीं गाडीभोंवतीं एक फेरी घातली, खालीं वांकून सीटखालच्या सांगाड्यावरच्या एका ओबडधोबड जोडावर बोट ठेवलें, आणि म्हणाले, “हा जोड माझ्या हातचा. शर्यत दुसऱ्या दिवशीं होती, घाईंत केला. नंतर नीट करून देतों म्हणालों होतों. तें राहूनच गेलें. आतां आणा दुकानांत, करून देतों.”

पाहा, ज्यानें काम केलें तोच तें पुसून पुन्हा करूं पाहत होता ! तरुणानें माझ्याकडे पाहिलें. मी म्हणालों, “गाडी पळवणार असशील तर जोड आजच करून घे, त्यांत तडजोड नको. पळवणार नसशील तर राहूं दे.” त्यानें बराच वेळ विचार केला. मग गाडी पळवावयाची नाहीं, इंजिन मात्र मोकळें करून घ्यावयाचें, रंगाला व आंकड्याला हात लावावयाचा नाहीं, असें त्यानें ठरवलें. मिस्त्री हंसून म्हणाले, “म्हणजे माझं वाईट काम तेवढं कायमचं राहणार !” तरुणानें त्यांच्याकडून त्या रात्रीची व त्या शर्यतीची हकीकत लिहून घेतली. ती वही आतां गाडीच्या सीटखालीं असते.

रंगाऱ्याचा पत्ता त्यानें पुन्हा मागितला नाहीं. आपल्यांपैकीं कोणाच्या पडवींत, गोठ्यांत अशी एखादी गाडी उभी असेल, तर तिच्यावरची धूळ झाडण्यापूर्वीं तिला ओळखणारें माणूस शोधावें, एवढीच माझी विनंति आहे. गाडी आणखी कांहीं वर्षें उभी राहील; त्या माणसाला मात्र तितका वेळ असेलच असें नाहीं.