संगणकाचे कुलमुखत्यारपत्र

आपण परगावी असलो आणि गावाकडच्या जमिनीचे खरेदीखत करायचे झाले, तर विश्वासातल्या एखाद्या माणसाला आपण मुखत्यारपत्र लिहून देतो. जाणता वकील त्या वेळी एकच प्रश्न विचारतो : "काम एवढंच आहे ना? मग त्या कामापुरतं खास मुखत्यारपत्र करा. कुलमुखत्यारपत्र कशाला?" कारण ज्याच्या हाती कुलमुखत्यारपत्र पडले, तो ती जमीन विकू शकतो, राहते घरही विकू शकतो. माणूस भला असेल. पण त्याचे केलेले निस्तरायचे असते आपल्यालाच.

घरच्या संगणकावर अशी कुलमुखत्यारपत्रे आपण सहज वाटत असतो. कशी, ते पाहू.

बेल प्रयोगशाळेत १९६९ साली युनिक्स या कार्यप्रणालीचा जन्म झाला. तिच्यात एक सर्वाधिकारी वापरकर्ता असतो; त्याचे नाव रूट, आणि त्याचा क्रमांक शून्य. ही फाइल कोणाची, ती पुसू का, असे रूटला सहसा कोणी विचारत नाही. हीच व्यवस्था पुढे लिनक्सने उचलली. रोजच्या कामाला एवढा अधिकार मुळीच लागत नाही. तो लागतो नवा प्रोग्राम बसवताना, डिस्कचे भाग पाडताना. म्हणून १९८० च्या सुमारास अमेरिकेत बफेलोच्या विद्यापीठात 'सुडो' ही आज्ञा तयार झाली. तिच्यामागे जी आज्ञा लिहाल तेवढी रूटच्या अधिकाराने चालते. काम झाले की अधिकारही संपला. हे झाले खास मुखत्यारपत्र.

आता तुम्ही म्हणाल, मग हेच सुडो खिडकीवाल्या प्रोग्रामला लावलं तर बिघडलं कुठं? आणि संगणक माझाच आहे की!

संगणक तुमचा, हे खरेच. पण अधिकार इथे तुम्हांला मिळत नाही, तो त्या प्रोग्रामला मिळतो. आणि खिडकीवाला प्रोग्राम म्हणजे एकटा माणूस नव्हे. ते मोठे बिऱ्हाड असते. अक्षरे रेखणारा एक भाग, चित्रे उलगडणारा दुसरा, नक्कल-डकव सांभाळणारा तिसरा. काम असते एका फाइलीतली एक ओळ बदलण्याचे, आणि अधिकार मिळतो साऱ्या बिऱ्हाडाला. त्यांतल्या एकात जरी चूक असली तरी ती आता रूटची चूक. अशा खिडक्या रचण्याचे जीटीके नावाचे साहित्य आहे. वाढीव अधिकाराने चालणाऱ्या प्रोग्रामात ते वापरणे योग्य नव्हे, असे त्याच्या कर्त्यांनीच स्पष्ट सांगून ठेवले आहे.

दुसरी गोष्ट शेजाऱ्यांची. लिनक्सवर वर्षानुवर्षे खिडक्या दाखवण्याचे काम १९८४ साली जन्मलेली एक्स ही यंत्रणा करीत आली. तिच्यात एका पडद्यावरच्या प्रोग्रामला दुसऱ्यात दाबलेल्या कळा कळू शकतात, आणि खोट्या कळा पाठवताही येतात. म्हणजे रूटची खिडकी उघडी असताना शेजारचा कोणताही किरकोळ प्रोग्राम तिच्याकडून काम करवून घेऊ शकेल!

तिसरी गोष्ट सर्वांत जास्त लोकांना भोवते. उबुंटूच्या जुन्या आवृत्त्यांत सुडो लावून खिडकी उघडली, की ती आपल्या नोंदी तुमच्याच घरच्या फोल्डरात ठेवी. पण त्या नोंदींवर मालकी मात्र रूटची लागे. दुसऱ्या दिवशी तुम्ही परवलीचा शब्द बरोबर देता, पडदा क्षणभर काळा होतो आणि पुन्हा परवलीचा शब्द मागतो. घर तुमचे, पण उंबऱ्यावर कुलूप दुसऱ्याचे! अशा वेळी घाबरू नये. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-३ या कळा एकदम दाबून अक्षरी पडद्यावर जावे आणि 'चाऊन' या आज्ञेने त्या फाइलींची मालकी आपल्या नावे परत करून घ्यावी.

जाणत्यांनी यावर उपाय काढला तो काम विभागण्याचा. खिडकी तुमच्या साध्या अधिकाराने चालते. अधिकार लागेल तेवढे काम मागे एक छोटा मदतनीस करतो, आणि त्याला परवानगी द्यायची की नाही हे पोलकिट नावाची यंत्रणा ठरवते. २०१६ साली फेडोराच्या २५ व्या आवृत्तीने एक्सऐवजी वेलँड ही नवी यंत्रणा मुख्य केली. तिच्यात एकाच्या कळा दुसऱ्याला कळत नाहीत. आणि रूटच्या अधिकाराने उघडू पाहिलेल्या कित्येक खिडक्या तिथे उघडेनात. खिडक्यांना रूटचा अधिकार देणारी जुनी 'जीके-सु' ही सोय २०१८ साली उबुंटूच्या १८.०४ आवृत्तीतून गेली. पण पोलकिटही निर्दोष नव्हे. २००९ पासून त्याच्या 'पीके-एक्झेक' या भागात दडलेली एक गंभीर चूक २०२२ च्या जानेवारीत उघड झाली. दार लहान केले तरी कुलूप तपासत राहावेच लागते.

विंडोजचीही कथा वेगळी नाही. २००१ च्या एक्सपीमध्ये घरोघरचे लोक प्रशासक म्हणूनच वावरत. २००७ साली व्हिस्टा घरोघर आली, तेव्हापासून पडदा अंधारून 'परवानगी देता का?' असे विचारले जाऊ लागले. प्रशासक म्हणून उघडलेल्या नोटपॅडमध्ये साध्या खिडकीतून फाइल ओढून टाकता येत नाही. पुष्कळांना तो बिघाड वाटतो. ते मुद्दाम घातलेले कुंपण आहे.

तेव्हा करायचे काय? लिनक्सवर अधिकाराची फाइल बदलायची तर 'सुडोएडिट' वापरा. ते फाइलीची प्रत तुमच्यापुढे ठेवते, तुमचा संपादक तुमच्याच अधिकाराने चालतो, आणि बदललेली प्रत मागाहून जागेवर जाते. विंडोजवर तो प्रश्न आला, की 'होय' दाबण्यापूर्वी प्रोग्रामचे नाव वाचा, आणि आपण आत्ता असे काही काम सांगितले होते का, हे आठवा. आठवत नसेल तर 'नाही' दाबा. खरेच गरज असेल तर तो पुन्हा विचारील. सही करण्याआधी कागद वाचावा, हे आपल्याला वडीलधाऱ्यांनी शिकवलेच आहे. पडद्यावरचा हा प्रश्नही तसाच सहीचा कागद आहे.